फिलूची पांढरी पिलं

११ ऑक्टोबर १९५१, गुरुवार

मांजर लग्न करून आली!

दुपारच्या गाडीने ऑगस्टीन उतरला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वेताची टोपली, टोपलीत फिलू. टांगेवाला म्हणतो, स्टेशनपासून भुईगावपर्यंत तिने तोंड मिटलं नाही. आणि ओरडणं कसलं ते — तान्हं पोर रडावं तसं. रस्त्यावरच्या बाया टांगा थांबवून विचारत होत्या, बाळाची आई कुठे आहे!

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टीनने तिला सयामहून आणली. तो जहाजावर साहेबलोकांच्या टेबलाशी काम करतो. आईला सोबत म्हणून आणली. आई म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची ॲनीमावशी. आता मुंबईला फोर्टात एक बाई आहेत, त्यांच्याकडे याच जातीचा बोका. तिथे फिलूला चार दिवस ठेवली होती. अजून माजावर आहे, म्हणून आठ दिवस मावशीच्या मागच्या खोलीत कोंडायची. पहारा माझा.

पहारा माझा का, ते लिहून ठेवतो, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही. त्या बाईंचा नवरा जहाज कंपनीत मोठा साहेब आहे. पिलं चोख निघाली तर बाई नवऱ्याला सांगणार आणि साहेब मला जहाजावर घेणार. भटारखान्यात भांडी घासायला का होईना! ऑगस्टीन टोपलीवर हात ठेवून म्हणाला, “शब्द देतो मधू. पण पिलं चोख पाहिजेत.”

सुरतेला पळालो, परत आलो. नाशिकला पळालो, परत आलो. रत्नागिरीला तर आठवड्यात परत. जमिनीवरून पळालेला माणूस भूक लागली की घरी येतो. पाण्यावरून निदान सहा महिने येता येत नाही. वहिनी म्हणते, “तुम्हाला कुठे जायचंय हे तुम्हालाच ठाऊक नाही, भावजी.” ठाऊक नाही म्हणूनच तर जायचंय.

१४ ऑक्टोबर, रविवार

शाळेतल्या रॉबर्ट मास्तरांनी फोर्टातल्या बाईंनी दिलेलं सयामी मांजरांचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवलं. माझं इंग्रजी दोन इयत्तांचं, त्यामुळे मास्तर वाचत, थांबत, मराठी करत. मावशी वाल सोलत ऐकत होती.

अंग सायीच्या रंगाचं. कान, तोंड, चारी पाय, शेपूट मात्र गडद — काळं नाही, चिंचोक्याच्या रंगाचं. तोंड पाचरीसारखं निमुळतं. अंग लांब, बारीक. मागचे पाय पुढच्यांहून उंच. डोळे निळेच हवेत, दुसरा रंग चालतच नाही. फिलू समोर बसून होती. एकेक वाक्य आलं की आम्ही तिच्याकडे बघायचो, परीक्षा घेतल्यासारखं. सगळ्यात पास!

ही जात सयामच्या राजवाड्यातली आणि देवळांतली. साठ-सत्तर वर्षांमागे तिकडच्या इंग्रज राजदूताने एक जोडी विलायतेला नेली, तिथून सगळीकडे पसरली. फिलूच्या शेपटीच्या टोकाला मोड आहे, त्याची गोष्ट ऑगस्टीनने सांगितली. राजकन्या नदीवर आंघोळीला जायची तेव्हा हातातल्या अंगठ्या मांजरीच्या शेपटीत घालायची. अंगठ्या पडू नयेत म्हणून मांजरीने शेपटीला गाठ मारली, ती पिढ्यान् पिढ्या राहिली. मावशी म्हणाली, “गप रे! कोणीतरी दारात चेमटवली असेल.”

मग बाहेर फादरची नवी सायकल आली, ती बघायला मी गेलो. परत आलो तेव्हा मास्तर निघून गेले होते.

ऑगस्टीन उद्या जहाजावर जाणार.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

लिहू की नको? लिहितो. हे कोण वाचतंय!

किनाऱ्यावर नवा मचवा पाण्यात लोटत होते. ढोल ऐकू आला. फिलूच्या खोलीत बसून बसून अंगाला मुंग्या आल्या होत्या. म्हटलं, पाच मिनिटं. चाळीस माणसं दोराला, मचवा हलेना. मीही दोर धरला! हलला तेव्हा सगळे वाळूत आडवे. मग गूळ-खोबरं वाटलं, मग कोणाशी तरी दालदी मच्छीमारांच्या जाळ्यांवर बोलत बसलो.

परत आलो तर खिडकी उघडी. मीच उघडली होती, वाऱ्याला.

फिलू गोठ्याच्या कौलांवर होती. तिच्यासमोर बायजाचा पांड्या. बायजा म्हणजे आमच्याकडे केळी सोलायला येते ती म्हातारी. खाडीच्या बांधावर एकटी राहते. एकटी नाही, पांड्यासोबत. बोका कसला, पांढराशुभ्र ढग! मी खडा मारला. तो गेला. फिलूला धरून आणलं, हातभर ओरखडे. खिडकी लावली. मावशी बाजाराला गेली होती. कोणी पाहिलं नाही.

१७ ऑक्टोबर

काही झालं नसेल. दोघं फक्त बसली होती.

२५ नोव्हेंबर, रविवार

फिलूचं पोट उतरलंय. आज ती आपण होऊन आमच्याकडे आली आणि माळ्यावर जाऊन बसली. मावशीने दोनदा खाली नेली, दोनदा परत!

तो माळा केळी पिकवायच्या खोलीवरचा. खाली राजेळीचे घड रचलेले, वर पेंढा, कोपऱ्यात भुशाची शेगडी, दार शेणामातीने लिंपलेलं. पिकली की सोलून उन्हात सुकवायची. दिवाळी ते होळी ती खोली थंड म्हणून होत नाही. माळ्याच्या फळ्यांवर अनवाणी उभं राहिलं तरी घाम येतो.

वहिनी खूश. म्हणाली, “पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. रीतच आहे.” मावशी कुंपणापलीकडून — “मग जयवंती, माहेरच्यांनी डिंकाचे लाडू पण करा हो!” वहिनीने खरंच माळ्यावर वेगळी शेगडी ठेवली, झरोक्याला गोणपाट लावलं. बाळंतिणीला वारा लागू नये. दादा म्हणाला, “मला ताप आला तेव्हा नव्हती ठेवलीस ती शेगडी.”

१४ डिसेंबर, शुक्रवार

चार! आणि चारही पांढरी. ओल्या खोबऱ्यासारखी. डाग नाही, रेघ नाही.

पांढरी म्हणजे — पांड्या?

धावत शाळेत गेलो. मास्तर वर्गात पाढे घेत होते. खिडकीतूनच सांगितलं. ते हसले. म्हणाले, “त्या दिवशी थांबला असतास तर कळलं असतं. ही जात जन्मताना पांढरीच. पुस्तकात आहे. तीन आठवड्यांनी कानांच्या कडा काळवंडतात, मग नाक, मग शेपूट.”

“आणि नाही काळवंडल्या तर?”

“तर भेसळ.”

तीन आठवडे म्हणजे चार जानेवारी.

२५ डिसेंबर

नाताळ. मावशीकडून करंज्या आणि केक. पिलांचे डोळे उघडलेत, निळे आहेत. मी नाचायला लागलो तर वहिनी म्हणाली, सगळ्याच मांजरांचे पहिल्यांदा निळे असतात.

वहिनी रोज शेगडीवर ओव्याची धुरी देते. पिलं गुबगुबीत. तीन बोके, एक मादी. बोक्यांच्या शेपटीला आईसारखा मोड, मादीची शेपूट सरळ.

६ जानेवारी १९५२, रविवार

पांढरी.

झरोक्याचं गोणपाट बाजूला करून उजेडात धरली. कान आतून गुलाबी, बाहेरून पांढरे. बोट ओलं करून चोळलं. काही नाही. वहिनी ओरडली, “वारा येतोय, लावा ते!” आणि म्हणे, “पोर गोरं निघालं म्हणून कोणी रडतं का?”

१० जानेवारी

पांढरी.

१३ जानेवारी, रविवार

मिस्सा आटोपून ॲनीमावशी आणि रॉबर्ट मास्तर माळ्यावर आले. मास्तरांचा घाम चष्म्यावर. पुस्तक काखेत. पिलं महिन्याची झाली. एकेक उचलून बघितलं. मास्तरांनी चष्मा पुसला. मग हळूच — “ॲनीबाय, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. बाप पांढरा असला पाहिजे.”

“पांढरा बोका गावात एकच,” मावशी म्हणाली. “बायजाचा! मेला कौलांतून शिरला असेल. चोर!”

कौलांतून! मी केळीच्या पेंढ्यातली काडी चावत होतो. आत्ता सांगावं, खिडकी माझ्या हाताने उघडली होती. नाही सांगितलं. सांगितलं तर ऑगस्टीन पुन्हा कशाला विचारील मला? पुढच्या वेळी पिलं होतील, तेव्हा तरी पहारा मलाच मिळू दे — असं मनात आलं. अगदी हेच आलं. लिहिताना बरं वाटत नाही.

मास्तरांनी तिथेच ऑगस्टीनला पत्र लिहिलं. मावशी मला म्हणाली, “तो बोका इथे राहिला तर फिलूचं दरवर्षी हेच. तुला लांबच्या वाटा माहीत. पोत्यात घाल, तीन वळणं फिरव, रुळांपलीकडे सोडून ये. वाट विसरतो.”

इथे सगळे तसंच करतात. मारत नाहीत. लांब सोडतात.

“बरं,” म्हणालो.

१५ जानेवारी, मंगळवार

बायजा सोलायला बसली होती तेव्हा तिच्या झोपडीकडे गेलो. पांड्या आपण होऊन आला. मला ओळखतो, मी त्याला बोंबलाची डोकी घालतो.

चालत स्टेशन, रूळ ओलांडून गोखिवऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. पोतं एकदाही ओरडलं नाही. वाटलं मेला की काय, म्हणून दोनदा खाली ठेवून बघितलं. सोडला तर पळाला नाही. बसला, पंजा चाटला, माझ्याकडे बघत राहिला. मीच पळालो.

येताना एका विहिरीवर रहाट बसवत होते, तो बघत तासभर उभा राहिलो. आणि घरी येईपर्यंत पांड्या आठवलाच नाही! असा कसा मी?

१६ जानेवारी

सकाळपासून बायजा बांधावर हाका मारतेय. “पांड्याऽ, ये रं! पांड्याऽ!” आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येतं. केळी सोलायला आली नाही.

२२ जानेवारी, मंगळवार

पिलं वाटून टाकायची ठरलीत. अजून कोणी मागायला आलं नाही. सरळ शेपटीची मादी मी उचलली आणि बायजाकडे नेली.

झोपडीत चूल थंड होती. भिंती कुडाच्या, खाडीवरचा वारा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने जातो. बायजा उंबऱ्यावर.

“काय आनलंस?”

“पिलू. फिलूचं.”

“नको गो बाय! ती तुमची फिलू म्हंजे चुलीत तोंड घातलेली. भुताळी.”

“ही पांढरीच राहणार. पांड्याची आहे.”

मग तिने हात पुढे केले. पिलाला उलटंपालटं केलं, नाकाला नाक लावलं. “पांड्याची पोर व्हय तू? बाप कुटं गेला तुजा? बाप मेला गावभर हिंडतोय, आनि आज्जी पोर सांबालते!” हसली. दात दोनच. मग मला म्हणाली, “तू चांगला पोरगा हायस, मधू.”

२७ जानेवारी

गोखिवऱ्याला जाऊन आलो. पायथ्याशी, विहिरीशी, वीटभट्टीशी. हाका मारल्या. लोक हसले. पांड्या नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

थंडी कडक. बायजाचा निरोप — ताबडतोब ये. गेलो तर पिलाला पदरात गुंडाळून बसलेली, डोळ्यांत पाणी.

“कसला रोग आनलास रं? कान बघ!”

कान काळे! कडांवर, चिंचोक्यासारखे. नाकावर बोटभर ठसा. शेपटीचं टोक काळं. म्हातारीने चुलीची काजळी समजून दोन दिवस साबणाने धुतलं, खोबरेल चोळलं. जात नाही म्हटल्यावर घाबरली.

मी खालीच बसलो. एकाच पोटचं, एकाच दिवसाचं पिलू. माळ्यावरची तीन काल बघितली — पांढरी. हे काळं. काय वेगळं? दूध तेच. पायाला वारा लागत होता, बोटं गारठली होती. आणि एकदम कळलं. वारा! इथे वारा आहे. तिथे खाली भट्टी, वर वहिनीची शेगडी, झरोक्याला गोणपाट, ओव्याची धुरी. गारव्यात रंग चढतो, उबेत चढत नाही. म्हणून तर कान, नाक, पाय, शेपूट — अंगातले गार राहणारे भागच काळे!

धावत घरी. तिन्ही पिलं उचलून मावशीच्या ओसरीवर आणली. वहिनी मागून ओरडतेय. मास्तर म्हणाले, “पुस्तकात असं काही नाही.” मी म्हटलं, “पुस्तक विलायतेतलं, मास्तर. तिथे कोण केळी पिकवतंय!”

खूप हसलो सगळे.

संध्याकाळ. आता हसू गेलं. पिलं चोख आहेत म्हणजे पांड्याने काहीच केलं नव्हतं. ती दोघं कौलांवर नुसती बसली होती. मीच लिहिलं होतं तेव्हा.

१० फेब्रुवारी

पिलाला रोग नाही, हे बायजाला सांगायला गेलो. जात कोणती, रंग कसा चढतो, सगळं समजावलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, “म्हंजे ही पांड्याची नाय?”

“नाही.”

पिलाकडे बघितलं. “ऱ्हाऊ दे. आता मला वळकते.”

पोत्याचं सांगायला तोंड उघडलं. तिने त्यात चण्याचा लाडू घातला.

२ मार्च, रविवार

तिघंही काळवंडले! ओसरीवर ओळीने बसतात, तोंडाला डांबर लावल्यासारखे. मावशी प्रत्येकाला दाखवते. ऑगस्टीनला पत्र गेलंय. वहिनी रुसली आहे. “माझ्या बाळंतपणात खोट काढली!”

१२ मार्च, बुधवार

ऑगस्टीनचं पत्र!! बाई हरखल्या आहेत. चारही घेणार. एप्रिलमध्ये एक बोट सुटतेय — एडन, मग पुढे मार्सेय. भटारखान्यात एक जागा आहे. साहेब हो म्हणालेत!

एडन. मार्सेय. कुठे आहेत ते मास्तरांच्या नकाशात बघितलं. बोटाने भुईगाव ते मार्सेय गेलो. एक वीतसुद्धा नाही.

१८ मार्च, मंगळवार

दुसरं पत्र. मावशीला मीच वाचून दाखवलं. विलायतेच्या मांजर-प्रदर्शनांतल्या परीक्षकांना आताशा मोडक्या शेपटीचं मांजर नको. राजकन्येच्या अंगठ्या संपल्या! बाईंना सरळ शेपटीची, अंगावर ओरखडाही नसलेली मादी हवी, प्रदर्शनात मांडायला आणि पुढे वीण वाढवायला. ती असेल तर बाकीचे तीन मैत्रिणींना देतील. नसेल तर पुढचं काही बोलायचं नाही. ऑगस्टीन गुरुवारी येतोय.

“ती बायजाकडे दिलीस ती!” मावशी म्हणाली. “उद्या जाऊन आण.”

“नाही म्हणाली तर?”

“ती कोण नाही म्हणणार? पिलू आपलं. तिला पुढच्या वेळचं देऊ एक.” मग माझ्या पाठीवर थाप मारली. “अरे, तुझं जहाज त्या शेपटीला बांधलंय!”

१९ मार्च, बुधवार

बायजाकडे जाऊन आलो. ती घरी नव्हती. पिलूही दिसलं नाही. उद्या ऑगस्टीन आणि मावशी माझ्याबरोबर येतील.

२० मार्च, गुरुवार

सकाळच्या गाडीने ऑगस्टीन. पांढरा शर्ट, केसांना तेल, नवी टोपली. तिघं बांधावरून गेलो. बायजा अंगणात सुकटी पसरत होती, पिलू तिच्या पायात. काय देखणं झालंय! पुस्तकातलं चित्र उठून चालावं तसं. शेपूट काठीसारखी सरळ. ऑगस्टीनने शीळ घातली.

उचललं. डोळे बघितले. शेपटीवरून दोन बोटं फिरवली. मग हात थांबला.

“हे काय?”

डाव्या कानाला भोक. त्यात काळा दोरा, दोऱ्यात एक काळा मणी.

“कान टोचलाय,” बायजा म्हणाली. “नवसाच्या पोराचा टोचतात तसा. जगाया पायजे म्हनून.”

“कधी?”

“काल.”

“काल!” ऑगस्टीन माझ्याकडे वळला. “अरे, बाईंना कानावर एक ओरखडा चालत नाही! भोकाचं मांजर प्रदर्शनात नेलं तर लोक हसतील. एक दिवस! एक दिवस आधी आलो असतो तर!” मावशी बायजाला बोलत सुटली. बायजा सुकटी पसरत राहिली. कोणाकडे बघितलं नाही.

परत आल्यावर ऑगस्टीन ओसरीवर बसून पाणी प्यायला, मग म्हणाला, “तुझं नशीब, मधू. म्हातारीच्या खुळचट नवसाने बोट घालवली तुझी.”

मी हो म्हणालो.

दुपारच्या गाडीने गेला. टोपली रिकामीच नेली.

२१ मार्च, शुक्रवार

बुधवारचं खोटं लिहिलंय. बायजा घरीच होती. तिला खिडकीचं सांगितलं. पोत्याचं सांगितलं. ती पिलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मी सुई मागितली. तिने ती शोधून चुलीवर तापवली, पिलाला पदरात घट्ट धरून बसली आणि तोंड दुसरीकडे केलं.

कान मी टोचला.